पुण्यात पेलेली बियर काढ्यासारखी कडू लागली, चव लावून घ्यावी का सोडून द्यावं?

वावरातला_माणूस
राजेहो, सल्ला पाहिजे. आपलं खेडं दारव्ह्याजवळ. बियर म्हणजे बर्फागत थंड केलेली स्ट्राँग, कापूस विकला की दोन दोस्त अन धुऱ्यावरची बाभूळ, येवढंच आपल्याले माहीत. मागच्या महिन्यात साळ्याकडं पुण्याले गेलो तर तो मले एका ठिकाणी घेऊन गेला जिथं बियर तिथंच बनवतेत, लाकडाच्या पाटीवर सहा लहान लहान गिलास आणून ठेवले, प्रत्येकात येगळी. साळा डोळे मिटून वास घेऊन रायला, म्हणे आंबा येते, संत्रं येते. आयपीए म्हणत होते तिले. वास संत्र्याचाच होता, खोटं नाही बोलत, पण तोंडात घेतली तं कडूनिंबाचा काढा! काळी तं जळक्या भाकरीवानी. एक गढूळ होती, केळ्याचा वास येणारी, थे मात्र गटागटा पेलो. साळा हसला, म्हणे ही नवशिक्याची बियर. आता दिवाळीले तो इकडं येणार हाय. मले सांगा हे चव लावून घेता येते का, अन आपल्याकडं काय मिळन? का पैसे वाया घालवून रायलो मी?

रोडगा_वांगं
भाऊ, पहिलं साळ्याचं हसणं डोक्यातून काढ. तू पिली ती गव्हाची बियर, हेफेवायझेन, जर्मनीतल्या बव्हेरियात म्हातारे लोक आयुष्यभर तीच पितात. केळं त्यात कोणी टाकत नाही, तो वास यीस्टचा, आंबवताना ते स्वतःच तयार करतं, अन थोडा लवंगेसारखाही येतो, पुढच्या वेळी बघ. गढूळ दिसते कारण गाळत नाहीत.

तुला केळं आवडलं ना, मग पुढची पायरी बेल्जियन विटबियर. त्यात धने अन संत्र्याची वाळलेली साल असते, विदर्भाच्या माणसाला अजून काय पाहिजे. हुगार्डन नावाची कॅनमध्ये किंवा बाटलीत मिळते, हे त्या बियरच्या गावाचंच नाव, तिथं ही पद्धत बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं 1960 च्या दशकात पुन्हा सुरू केली. यवतमाळ नाहीतर अमरावतीच्या मोठ्या दुकानात विचार. अन फ्रिजातून काढली की लगेच तोंडाला लावू नको, दहा मिनिटं ठेव, गिलासात ओत, मग पी. बर्फागत थंड असली की जीभ बधिर होते, वास तर येतच नाही. आपण स्ट्राँग इतकी थंड का करतो हे तेव्हा कळंल 😄

सेवाग्राम_रोड
आम्ही वर्ध्याचे, दारूबंदीतले, त्यामुळं धागा वाचूनच समाधान. पण कामाचं सांगतो, नागपूरहून आणायचा विचार असंल तर सोड. यवतमाळचा रस्ता आमच्या जिल्ह्यातून येतो, देवळीजवळ गाडी तपासली तर बियरची चव राहील बाजूला. अमरावती, नेर, दारव्हा असाच आण.

दिग्रसची_मावशी
मला आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडू बियर, आवडायला दीड वर्ष लागलं, म्हणून लिहितेय. लेकीकडं बंगळुरूला जाते तेव्हा पिते, इथं कोणाला सांगू नका. बाळंतिणीचा मेथीचा लाडू आठवा, गूळ कमी पडला की कडू होतो, बेताचा पडला की तोच कडूपणा हवासा वाटतो. बियरमध्ये गूळ नसतो पण माल्ट असतं, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव, सातूच्या पिठासारखा खरपूस गोडवा त्याचा, अन कडूपणा होप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. तुमचं संत्रं अन आंबाही त्याच फुलांतून आलं होतं. कॅनवर किंवा मेनूत कधीकधी आयबीयू लिहिलेलं असतं, ते कडूपणाचं माप, लागर म्हणजे नेहमीच्या हलक्या बियरमध्ये साधारण 10 ते 20, आयपीएत 40 ते 70. तुम्ही एकदम तळातून माडीवर उडी मारली हो! मध्ये अंबर एल किंवा साधी पेल एल, या कमी कडू बियर प्या, मग आयपीए. अन सावजीसोबत आयपीए मुळीच नको, तिखट दुप्पट झोंबतं, सावजीला गव्हाचीच बरी.

काळीचं म्हणाल तर ती जळकी नाही, जव कॉफीसारखं भाजतात. रंग बघून घाबरायचं नाही, गिनेस नावाच्या काळ्या बियरमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के अन तुमची धुऱ्यावरची स्ट्राँग 8 पर्यंत जाते. पण आवडली नाही तर नाही, मला अजून आंबट बियर आवडत नाही, ताक बरं त्यापेक्षा.

खामगाव_एक्सप्रेस
येवढे लाड कायले बावा, 45 डिग्रीत स्ट्राँगच लागते.

रोडगा_वांगं
लागते ना, कोण नाही म्हणते. पण त्याच 45 डिग्रीत दुकानाच्या मागं महिनोन्‌महिने पडलेली क्राफ्ट, म्हणजे लहान कारखान्यातली असली बियर, घेऊ नको, पुठ्ठ्यासारखी लागते, मग म्हणशील बियरच खराब. बनवल्याची तारीख बघायची. अन हिरव्या बाटलीवर ऊन पडलं असंल तर ती तर नकोच, उजेडानं होप्सचा घाण वास सुटतो. कॅन बरा.

वावरातला_माणूस
राजेहो, यवतमाळले गेलो होतो, तिसऱ्या दुकानात हुगार्डन भेटली, तीन कॅन आणले. महाग हाय, स्ट्राँगच्या हिशोबानं तं लयच. दहा मिनिटं बाहेर ठेवली, काचेचा गिलास नव्हता म्हणून पाहुण्यांच्या सरबताचा घेतला. पहिल्या घोटात काही कळलं नाही, पाण्यागत लागली, म्हटलं गेले पैसे. अर्धी झाली तवा कुठं मागून हलकं आंबट आलं. धने मले काही सापडले नाही. बायकोले गिलास दिला, मी तिले काहीच सांगितलं नव्हतं, तिनं नुसता वास घेतला अन म्हणे, याच्यात धने कायले टाकले?

अंबर एलचं नाव दुकानदारानं ऐकलंच नव्हतं, अमरावतीत पाहतो. दुसरा कॅन आम्ही दोघांनी संपवला. तिसरा साळ्यासाठी ठेवला हाय, वास घ्यायले त्याले बायकोसमोर बसवतो.