तालिकेत ग्रंथमालेची नोंद : छापलेले नाव तसेच ठेवावे की सगळीकडे एकसारखे करावे?

प्रश्न (नवी तालिकाकार)

आमच्या ग्रंथालयाच्या तालिकेतील (पुस्तकसूचीतील) मार्क २१ नोंदी, म्हणजे संगणकासाठी ठरलेल्या आराखड्यातील नोंदी, तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यांत एकाच ग्रंथमालेची अठरा पुस्तके आहेत, पण मालेच्या नावाने शोध घेतला की एका वेळी पाच-सहाच हाती लागतात. मालेचे खरे नाव न देता सांगायचे, तर काही पुस्तकांवर ‘निसर्गवाचन ग्रंथमाला’ असे छापले आहे, काहींवर नुसते ‘निसर्गवाचन माला’. क्रमांक कुठे ‘पुष्प ७ वे’ असा आहे, कुठे ‘क्र. ८’ असा, आणि दोन पुस्तकांवर तो मालेच्या नावाशेजारी दिलेलाच नाही. पूर्वीच्या सहकाऱ्यांनी मालेच्या नावासाठी काही नोंदींत टॅग (नोंदीतील रकान्याचा क्रमांक) ४४० वापरला आहे, काहींत ४९०. सर्व नोंदींत ४९० मध्ये एकच नाव आणि एकाच पद्धतीचा क्रमांक घालून हा गोंधळ मिटवावा, असे मला वाटते. हे नियमाला धरून होईल का? आणि क्रमांक नसलेल्या दोन पुस्तकांना, मलपृष्ठावरील यादीत ती कितव्या स्थानी येतात हे मोजून, क्रमांक द्यावा का?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल)

४९० मध्ये एकसारखेपणा आणू नका. तो टॅग पुस्तकावर काय छापले आहे याची साक्ष देण्यासाठी आहे. हातात प्रत घेतलेल्या माणसाला नोंद त्याच पुस्तकाची आहे हे त्यावरून पटले पाहिजे. त्यामुळे ‘माला’ छापले असेल तर ‘माला’ आणि ‘पुष्प ७ वे’ छापले असेल तर ‘पुष्प ७ वे’ असेच लिहावे. एकाच पुस्तकात दोन रूपे आढळली, तर मालेसाठी वेगळे शीर्षकपृष्ठ असल्यास त्यावरील रूप आधी धरावे.

वाचकाला अठरा पुस्तके एकत्र दाखवण्याचे काम ८३० या टॅगचे आहे. तेथे मालेचे एकच ठरवलेले नाव आणि एकाच पद्धतीचा क्रमांक येतो. आपला सगळा गोंधळ या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे आहे, आणि त्याचा दोष पूर्वीच्या सहकाऱ्यांवर टाकू नये, कारण टॅग ४४० ही दोन्ही कामे एकाच ओळीत करत असे. छापील नाव आणि ठरवलेले नाव जुळले तर ते सोयीचे होते, पण ते जुळले नाही की अडचण. म्हणूनच २००८ मध्ये ४४० कालबाह्य ठरवण्यात आला.

आपल्या नोंदीतील ४४० फोडून ४९० आणि ८३० असे दोन टॅग करावेत. ४९० चा पहिला इंडिकेटर (टॅगला जोडलेला सूचक आकडा) १ ठेवावा. त्याचा अर्थ ‘या मालेसाठी खाली स्वतंत्र नोंदशीर्षक दिले आहे’ असा होतो. मी पाहिलेल्या कित्येक तालिकांत हा १ आहे, पण खाली ८३० चा पत्ता नाही, आणि अशी नोंद वरवर निर्दोष दिसत असल्याने वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : ४४० चा दुसरा इंडिकेटर वर्णक्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरे सोडायची ते सांगतो. मराठी नावांना तो शून्यच असतो. ‘द’ ने सुरू होणाऱ्या इंग्रजी मालेला मात्र मूळ लिपीतील तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा मिळून ४ असतो. ४९० मध्ये अशी सोय नाही, ती ८३० च्या दुसऱ्या इंडिकेटरमध्ये आहे, म्हणून हा आकडा तेथे न्यावा.

उत्तर २ (छोटे ग्रंथालय, एकटा माणूस)

तत्त्व मान्य आहे, परंतु प्रत्येक मालेसाठी दोन टॅग आणि वर प्राधिकृत नोंद (मालेचे ठरवलेले नाव आणि त्याची पर्यायी रूपे सांगणारी वेगळी नोंद) सांभाळणे सर्वांना परवडत नाही. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ जून २००६ पासून मालांच्या प्राधिकृत नोंदी करणे थांबवले आणि आपल्या नव्या नोंदींत माला ४९० मध्ये, पहिला इंडिकेटर ० ठेवून, लिहायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाला हा भार वाटला, तर आम्ही शब्दशोधावर विसंबलो यात काय बिघडले?

उत्तर ३ (तालिका विभाग प्रमुख)

त्या निर्णयावर ग्रंथपालांकडून तीव्र आक्षेप आले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. सहकारी तालिकीकरण कार्यक्रमातील इतर ग्रंथालयांनी मालांच्या प्राधिकृत नोंदी पुढेही चालू ठेवल्या. शब्दशोध ‘निसर्गवाचन’ या शब्दावर चालेल, कारण तो शब्द विरळा आहे. पण ज्या मालेचे नाव नुसते ‘व्याख्यानमाला’ किंवा ‘अहवाल’ असेल, तिचे काय? अशा नावापुढे ८३० मध्ये संस्थेचे नाव कंसात जोडून ती वेगळी ओळखता येते. ४९० मध्ये तशी भर घालता येत नाही. मात्र तडजोड शक्य आहे, आणि मी ती सुचवीन : ज्या मालेची पुस्तके वाचक क्रमाने मागतात तिला ८३० द्यावा, आणि प्रकाशकाने केवळ विक्रीसाठी दिलेल्या सैल नावांना ४९० पुरे.

आता आपल्या मूळ प्रश्नातील क्रमांकाबद्दल. यादीतील स्थान मोजून क्रमांक देऊ नये. प्रकाशक अशा याद्या विषयवार लावतो, संपलेली पुस्तके गाळतो, पुढच्या आवृत्तीत क्रम बदलतो. मात्र त्या यादीत पुस्तकाच्या नावापुढे क्रमांक छापलेला असेल, तर तो घ्यावा, कारण क्रमांक पुस्तकातील कोणत्याही जागेवरून घेता येतो. पुस्तकाबाहेरून मिळालेला क्रमांक चौकटी कंसात द्यावा, आणि कोठेच न मिळाल्यास ती जागा रिकामी सोडावी.

८३० मधील क्रमांकाची पद्धत मालेच्या प्राधिकृत नोंदीत, टॅग ६४२ मध्ये, एकदा नमुन्यादाखल लिहून ठेवावी. ‘पुष्प’ ठेवायचे की नुसता आकडा, हे आपण ठरवावे. मी नुसता आकडा पसंत करते, कारण ‘७ वे’ आणि ‘१० वे’ यांचा क्रम लावताना संगणकाचा घोळ होतो. आकडे देवनागरी (७) ठेवायचे की इंग्रजी (7), हेही आधीच ठरवावे, कारण ही दोन वेगळी चिन्हे आहेत आणि प्रत्येक प्रणाली त्यांना एकच मानत नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पुस्तके पुन्हा काढून पाहिली. ‘माला’ हे रूप फक्त पहिल्या सहा पुस्तकांवर आहे आणि पुढील सर्वांवर ‘ग्रंथमाला’. मग या दोन माला मानाव्यात का?

उत्तर ३ (तालिका विभाग प्रमुख)

नाही. क्रमांक सलग चालू आहेत आणि बदल केवळ प्रकाशनाचा प्रकार सांगणाऱ्या शब्दात आहे, त्यामुळे ही एकच माला धरावी आणि ‘निसर्गवाचन माला’ हे पर्यायी रूप प्राधिकृत नोंदीत टॅग ४३० मध्ये द्यावे, म्हणजे त्या नावाने शोधणाराही योग्य ठिकाणी पोहोचेल. उद्या प्रकाशकाने ‘निसर्गवाचन’ काढून दुसरेच नाव दिले, तर मात्र नवी प्राधिकृत नोंद करून दोन्ही नोंदी टॅग ५३० ने आधीचे आणि नंतरचे नाव म्हणून एकमेकींना जोडाव्या लागतील.

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल)

एक राहून गेले. जुन्या कार्डांवरून नोंदी भरताना मालेभोवतीचे गोल कंसही काही जण टाइप करतात. ते नोंदीत घालू नयेत, कारण नोंद दाखवताना प्रणाली ते स्वतः लावू शकते. अन्यथा वाचकाला कंसात कंस दिसतो. आपल्या अठरा नोंदींत तेवढे एकदा पाहून घ्यावे.