बसस्टॉपसमोर झेब्रा क्रॉसिंग हवंय, मागायचं कुणाकडे?

पुण्यात राहतो, स्टॉप समोरच आहे पण रस्ता ओलांडायला काहीच नाही, आई बसमधून उतरली की नुसती उभी राहते बिचारी. अर्ज कुठे करू?

कट्टेकरी: सहभागी अंदाजपत्रकाचा फॉर्म भर ना, महापालिकेत २००६ पासून आहे हे, फुटपाथ, बसस्टॉप असली छोटी कामं नागरिकांना पालिकेच्या बजेटसाठी सुचवता येतात. शेजारपाजारच्यांनाही तेच लिहायला लाव.

पायीपायी: २०१६ चं पादचारी धोरण पालिकेनेच मंजूर केलंय, त्याचा उल्लेख कर. आणि टेप घेऊन फुटपाथ मोज, इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) नियमात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलीय. फोटो जोड, नुसतं "खराब आहे" लिहिलंस तर फक्त पेव्हर ब्लॉक बदलतील (अनुभव!)

कट्टेकरी: हो, आणि वाहतूक पोलिसांनाही एक प्रत दे. पोचपावती घेच.