जाळीच्या विणीचा आलेख खालून वर वाचा
तुम्ही लिहिलंय की आलेख (चौकटींत चिन्हांनी काढलेला विणीचा नकाशा) बघून विणलं तरी नक्षी चित्रासारखी येत नाही, शिवाय टाके कमी-जास्त होतात. नक्षीचं कारण बहुधा दिशा. आलेख खालून वर वाचायचा, कारण वीणही सुईवर तशीच वाढते. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणत असाल तर मात्र प्रत्येक ओळ उजवीकडूनच.

टाक्यांचा हिशोब समजायला स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची 'ओल्ड शेल' ही लाटांची वीण घ्या. 18 टाक्यांची नक्षी, चार ओळी, आणि जाळी फक्त एकाच ओळीत: दोन टाके एकत्र तीनदा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन एकत्र तीनदा. दोन एकत्र केले की एक टाका कमी होतो, दोरा पुढे घेतला की भोक पडून एक वाढतो: सहा गेले, सहा आले. आलेखातली गोल चिन्हं (दोरा पुढे) आणि तिरक्या रेघा (दोन एकत्र) मोजा, सारख्याच भरतील.

मी दर 18 टाक्यांनंतर सुईत रंगीत दोऱ्याचा फास अडकवते, म्हणजे चूक कुठे आहे ते लगेच सापडतं. आणि ओळ चुकू नये म्हणून आलेखावर चिकटपट्टी लावत असाल तर ती चालू ओळीच्या वर लावा, खाली नको. विणून झालेल्या ओळी डोळ्यांसमोर राहिल्या की नवं भोक कुठल्या भोकावर येतंय ते दिसतं.