कोच उड्या मारणार आणि पोरांनी एका कॉलेजला बांधून घ्यायचं?

कोलंबसकर:
काल सदाशिव_टेक्सास यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना एकदाच ट्रान्सफर द्या, दुसऱ्यांदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसवा, नाहीतर निष्ठा नावाची गोष्टच उरणार नाही. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

निष्ठा फक्त पोरांनीच दाखवायची का हो? 2021 च्या नोव्हेंबरात अमेरिकन फुटबॉलचा कोच लिंकन रायली ओक्लाहोमाचं कॉलेज सोडून कॅलिफोर्नियातल्या यूएससीला गेला, त्याच आठवड्यात दुसरा कोच ब्रायन केली नोत्र दामहून लुइझियानातल्या एलएसयूला. त्यांना कोणी वर्षभर बाहेर बसवलं? आई-वडिलांसमोर सोफ्यावर बसून "मी आहे ना" म्हणणारा कोचच निघून जातो आणि ज्याने सही केली ते पोरगं तिथेच अडकतं. जुना नियम आठवा, फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉलवाल्याने कॉलेज बदललं की एक सीझन गेलाच. 2021 च्या एप्रिलमध्ये एकदा मोकळीक मिळाली, पण दुसऱ्यांदा जायचं तर वेव्हरसाठी, म्हणजे नियमातून खास सूट मिळावी म्हणून, हात पसरायचे.

फुटबॉलवाल्या टेझ वॉकरचं काय केलं बघा. पहिल्या कॉलेजने कोविडमुळे सीझनच रद्द केला, तिथे तो एक मॅच खेळला नाही. मग केंट स्टेट, मग आजीजवळ राहता यावं म्हणून नॉर्थ कॅरोलायना. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने आधी सरळ नकार दिला, गदारोळ झाल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी दिली, तोवर चार मॅच गेल्या होत्या. डिसेंबरात आमच्या ओहायोसकट सात राज्यं एनसीएएविरुद्ध कोर्टात गेली, वेस्ट व्हर्जिनियाच्या जजने नियमाला स्थगिती दिली आणि एप्रिल 2024 पासून मार्क ठीक असतील तर कितीदाही जा. हे आधीच व्हायला हवं होतं. फुटबॉलवाल्या जो बरोला आमच्या ओहायो स्टेटमध्ये नंबर लागत नव्हता, एलएसयूला गेला आणि 2019 ची हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूची ट्रॉफी, घेऊन आला!

सदाशिव_टेक्सास:
कोलंबसकर, बरोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो ओहायो स्टेटची डिग्री हातात घेऊन गेला, ग्रॅज्युएट ट्रान्सफर होता तो. मी हेच म्हणतोय, आधी डिग्री घ्या मग कुठेही जा. आणि कोचशी तुलना कसली करताय, कोच नोकरी करतो, पोरगं शिकायला गेलंय.

कोलंबसकर:
शिकायला? 2025-26 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, त्या पहिल्या वर्षी एकेका कॉलेजला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत मुभा होती. पैसे वाटताना नोकर आणि सोडून जाताना विद्यार्थी, असं कसं चालेल? तुमच्याच टेक्सासचा कॅम वॉर्ड घ्या. शाळेतून निघताना एकाच छोट्या कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली होती, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, पहिला नंबर. दोनदा बदललं म्हणूनच ना?

मेघना_एडिसन:
मोठ्या नावांवरून भांडताय दोघं, माझ्या घरी काय झालं ते ऐका. मुलगा बेसबॉल खेळतो, अकरावीपासून एका कोचने जागा देतो म्हणून सांगितलं होतं, दर रविवारी फोन यायचा. बारावीच्या मार्चमध्ये फोन बंद. शेवटी मीच केला तर म्हणाले ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन पिचर (बॉल टाकणारे) आलेत, बावीस वर्षांचे, तयार. माझा सतरा वर्षांचा पोरगा त्यांच्यापुढे कसा टिकणार? त्या दिवशी त्याने बॅट गॅरेजमध्ये नेऊन ठेवली ती तीन आठवडे आणली नाही. मोकळीक मोकळीक म्हणताय कोलंबसकर, ती आमच्या जागा खाऊन चाललीय.

वऱ्हाडी_मिडवेस्ट:
मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो आणि क्रेडिटबद्दल, म्हणजे पास केलेल्या विषयांच्या गुणांकांबद्दल, कोणीच बोलेना म्हणून लिहितो. एनसीएएचा खेळाडूंसाठी नियम असा की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा 40 टक्के भाग झालेला पाहिजे, चौथ्याला 60, पाचव्याला 80. माझ्यासमोर एक पोरगा बसला होता, तिसरं कॉलेज त्याचं. ट्रान्सस्क्रिप्टवर पेन्सिलने खुणा करत गेलो, अठरा क्रेडिट आमच्याकडे धरलेच जात नव्हते. त्याला इंजिनिअरिंग करायचं होतं. टक्केवारी भरायची म्हणून ज्या विषयात क्रेडिट बसतात तो विषय घ्यावा लागला. "सर, आईला सांगू नका" एवढंच बोलला.

खानदेशी_बाई:
क्रेडिटचं नावच काढू नका! पुणे विद्यापीठाची बीएस्सी, फर्स्ट क्लास, इथे आल्यावर सांगितलं तुमची डिग्री तीन वर्षांची, आमची चार, मास्टर्सला प्रवेश नाही. सीलबंद पाकिटातले ट्रान्सस्क्रिप्ट आणायला भावाने चार हेलपाटे मारले, पाकीट इथे उघडं पोचलं म्हणून परत पाठवा. आणि मग परत बॅचलरच्या वर्गात बसायचं, पोटात बाळ असताना. दुसऱ्या कॉलेजचं शिक्षण आपल्या शिक्षणासारखंच असतं हे यांना मान्यच नाही.

मेघना_एडिसन:
अगदी! माझे एमकॉमचे दोन पेपर असेच गायब केले.

सदाशिव_टेक्सास:
ताई, विषय खेळाडूंचा आहे.

खानदेशी_बाई:
विषय तोच आहे दादा. पोरगं बदललं की दंड पोराला, क्रेडिट नाकारणाऱ्या कॉलेजला काहीच नाही. तुम्ही तर त्याचा अजून एक सीझन काढून घ्यायला निघालात.

पार्लेकर:
आपल्याकडे रणजीला एनओसी लागतेच ना. 2025 मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडून मागितली आणि महिन्याभराने मागणी परत घेतली, कोणाचं काय बिघडलं? परवानगी लागली की माणूस दोनदा विचार करतो.

कोलंबसकर:
टीम इंडियात खेळलेल्याला कोण अडवणार पार्लेकर? एकोणीस वर्षांचा बाकावरचा पोरगा ज्याच्याकडे परवानगी मागणार तोच कोच त्याला खेळवत नाहीये!

वऱ्हाडी, क्रेडिटचं मात्र मला मान्य करावं लागेल, मी फक्त मैदानाकडे बघत होतो. मेघनाताईंच्या पोराचंही वाईट वाटलं. पण त्यावर उपाय सक्तीने बाहेर बसवणं हा नाही. घेणाऱ्या कॉलेजने सही घेण्याआधी लिहून द्यावं की तुझे इतके क्रेडिट धरतो, डिग्री अमुक साली होईल.

सदाशिव_टेक्सास:
लेखी मिळणार असेल तर दुसरी ट्रान्सफरही चालेल मला. तिसरी नाही म्हणजे नाही.

वऱ्हाडी_मिडवेस्ट:
लेखी देणार कधी? 2026 पासून फुटबॉलचं पोर्टल 2 ते 16 जानेवारी एवढंच उघडं. आमचं सेमिस्टर दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं. पोरगं येतं, लगेच प्रॅक्टिसला जातं आणि त्याचे क्रेडिट मोजायचा कागद माझ्या टेबलावर फेब्रुवारीत येतो.