लाइफ जॅकेट बाथरूममध्येच फुगलं! आता पाण्यात त्याच्यावर भरवसा ठेवू का?

मखमलाबादकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे, पण उत्तर खरंच हवंय.

गेल्या हिवाळ्यापासून मी आणि नवरा गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कयाक चालवायला जातो, महिन्यातून दोनदा तरी. मला पोहता येतं. नवऱ्याला येत नाही, तो तीन वर्षं "शिकतोय". आत्तापर्यंत तिथलीच फोमची केशरी जॅकेटं घालायचो, पण मार्चनंतर ती घालून वल्हवायचं म्हणजे गोधडी पांघरून भाकऱ्या थापायच्या. म्हणून दीर जर्मनीहून आले तेव्हा माझ्यासाठी फुगणारं जॅकेट घेऊन आले. उपरण्यासारखं गळ्यात बसतं, वजन जाणवतही नाही. वर १५० न्यूटन लिहिलंय, आत ३३ ग्रॅमची सीओटूची बाटली. पाण्यात पडलं की आपोआप फुगतं म्हणे.

दोनदा वापरलं, फुगायची वेळ आली नाही. मागच्या आठवड्यात चिखल लागला म्हणून ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि बाथरूमच्या खुंटीला अडकवलं. रात्री नवरा सेकंड शिफ्ट करून आला, कढत पाण्याने आंघोळ करून झोपला. एक वाजता फाट् करून आवाज! सासूबाई ओरडल्या, "गॅस बंद करा आधी!" सगळे धावलो, तर खुंटीवर हे पिवळंधमक, टम्म फुगून बसलेलं.

आता विचारायचंय ते असं. बाटली बदलून हेच वापरता येईल का? आपोआप फुगणारं बंद करून दोरी ओढून फुगणारं करता येतं का? आणि नवऱ्यालाही असंच एक मागवू का?

पेडल पंक्या

सोप्पंय ताई. सायकलच्या दुकानात पंक्चरसाठी सीओटूचं काडतूस मिळतं, १६ ग्रॅमचं. ते फिरवून बसवा, झालं काम. जर्मनीहून बाटली कशाला मागवताय! मी कमरेच्या पट्ट्यातलं पाउच वापरतो, फुगणारं जॅकेट त्यात घडी घालून असतं, तीन वर्षांत एकदाही उघडायची वेळ आली नाही. भाऊजींना पण तेच घ्या, गरम होत नाही.

न्यूमॅटिक नाना

पंक्याभाऊ, तुमच्या सल्ल्याने ताई अर्ध्याच तरंगतील. रागावू नका, हिशेब सांगतो.

मी अंबडला कॉम्प्रेस्ड एअरच्या कामात बावीस वर्षं काढली, त्यामुळे बाटली, आटे, सुई, वॉशर या गोष्टींवर माझा जीव आहे. ३३ ग्रॅम सीओटू बाहेर आला की साधारण १७-१८ लिटर होतो. १५० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १५ किलो उचल, आणि त्यासाठी पिशवीत १५ लिटर तरी हवा लागते. म्हणजे ३३ ग्रॅम हा आकडा कुणी उगीच छापलेला नाही. १६ ग्रॅमचं काडतूस लावलंत तर पिशवी अर्धवट लुळी राहणार. वर सायकलच्या काडतुसाचे आटे बहुतेक वेळा जुळत नाहीत, आणि ओढूनताणून बसवलंच तर सुई बरोबर जागी लागेल याची खात्री नाही.

ताई, तुमचं जॅकेट बिघडलेलं नाही. उलट त्याने काम चोख केलं, फक्त चुकीच्या जागी. आत एक ताणलेली स्प्रिंग असते आणि तिला एक विरघळणारी गोळी अडवून धरते. गोळी ओली झाली की खचते, स्प्रिंग सुटते, सुई बाटलीचं तोंड फोडते. तुम्ही ओलं फडकं फिरवलं तेव्हाच ती मऊ पडली असणार, उरलेलं काम भाऊजींच्या वाफेने केलं. नाशिकच्या पावसाळ्यात असं जॅकेट बंद खोलीत ओलं ठेवलं तरी हे होऊ शकतं. सावलीत, वारा लागेल असं वाळवायचं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, ती बाटली दाबाची आहे.

पुन्हा वापरता येईल. पण फुटलेली बाटली परत भरत नाहीत, ती भंगारात. जॅकेटवर कंपनीचं नाव आणि मॉडेल असेल, त्याच मॉडेलचं रिआर्मिंग किट मागवा. त्यात बाटली, गोळी आणि हिरवी खूण देणारी क्लिप येते. गोळीवर तारीख छापलेली असते, ती उलटली की न वापरताही बदलायची. दीर विमानातून आणणार असतील तर आधी एअरलाइनला विचारून परवानगी घ्यायला सांगा, नाहीतर बाटली विमानतळावरच राहील.

दोरीवालं करता येतं का, तर काही कंपन्या त्यासाठी वेगळा भाग देतात. तो मिळाला तर जरूर करा. गोळी काढून तिथे चिकटपट्टी लावायचा उद्योग मात्र नको. वल्हवणाऱ्याला मी दोरीवालंच सांगेन. तुमची कयाक वर बसायची आहे की आत पाय घालून बसायची? आत बसायची असेल आणि ती उलटली, तर तुम्ही डोकं खाली, पाय आत अशा अवस्थेत असता. त्या क्षणी जॅकेट आपोआप फुगलं तर पंधरा किलोची उचल तुम्हाला वरच्या बाजूला, म्हणजे कयाकच्याच बुडावर, दाबून धरते. आधी बाहेर निघायचं, मग दोरी ओढायची. शिवाय वल्ह्याचं पाणी सारखं अंगावर उडतं, गोळीवालं जॅकेट त्यानेही दगा देतं. पाण्याच्या दाबावर चालणारा एक प्रकार आहे, तो सुमारे १० सेंटिमीटर पाण्याखाली गेल्यावरच सुटतो. तो पावसाला दाद देत नाही, पण कयाक उलटल्यावर त्याचाही तोच घोळ.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी एवढा का बोलतोय ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, काश्यपी धरणावर. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला, आडवी लाट आली आणि मी पडलो. दोरीवालं जॅकेट अंगात. ओढली दोरी. टक्! पुन्हा ओढली. टक्. काही नाही. बाटली बसवून सहा महिने झाले होते. जीपच्या हादऱ्यांनी आणि छातीशी घासून ती अर्धा आटा सैल झाली होती. सुई पोचलीच नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांना "हाताने आवळून बघ रे" सांगणारा माणूस मी!

डाव्या खांद्यापाशी तोंडाने फुगवायची नळी असते. पोहत पोहत ती शोधायची, टोपण काढायचं आणि फुंकायचं. घरात बसून हे दोन मिनिटांचं काम वाटतं. तिथे एक फुंकर, दोन घोट पाणी, परत एक फुंकर असं चाललं होतं. पिशवी पुरेशी फुगली तेव्हा मी गंमत म्हणून आणलेली शिट्टी खरोखर वाजवत होतो.

आणि खरी गंमत पुढे. फुगलेलं जॅकेट तुम्हाला पाठीवर उताणं टाकतं, चेहरा वर. बेशुद्ध माणसासाठी ते वरदान, पण शुद्धीत असलेल्याला पालथं होऊन हात मारता येत नाही. कयाकवर परत चढायला गेलो तर छातीवर फुगलेल्या दोन उशा, कठड्यावर घासल्या की मी मागे. चार वेळा पडलो. शेवटी नळीच्या टोपणाचं मागचं टोक नळीत दाबून अर्धी हवा सोडली आणि मग पोट टेकवून वर गेलो. हे आधी ठाऊक असतं तर दहा मिनिटं वाचली असती.

म्हणून ताई, नवीन किट आलं की ते बसवायच्या आधी जॅकेट तोंडाने फुगवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी मऊ पडलं नाही ना ते बघा. आपल्याकडे काठावर बाभळी आहेत, काटा कुठून शिरला कळत नाही. फोमच्या जॅकेटला शंभर काटे लागले तरी ते तरंगतं, पिशवीला एक पुरतो. मग उथळ पाण्यात, कुणीतरी काठावर उभं असताना, फुगवलेल्या जॅकेटसह कयाकवर चढून बघा. बाटली नको, तोंडानेच फुगवा. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर लावा, नाहीतर फुगल्यावर जॅकेट वर आणि तुम्ही खाली. आणि रेनकोट नेहमी जॅकेटच्या आत. वर घातलात आणि आत पिशवी फुगली की छाती आवळते, श्वास घेता येत नाही.

भाऊजींसाठी माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पोहता न येणाऱ्याला पाण्यात पडल्यावर दोरी आठवेल, नळी सापडेल, यावर मी पैज लावणार नाही. त्यांना फोमचंच द्या, छातीच्या मापाचं, खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीला न लागणारं. उकडतं म्हणाले तर पहाटे जा. बॅकवॉटर सकाळी सात वाजता काचेसारखं असतं, दुपारी वाऱ्याला तोंड देत बसायची हौस कुणाला?

आणि एक. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असताना नदीपात्रात कुणीही, कुठलंही जॅकेट घालून उतरू नका. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं बघायला पुलावर गर्दी करतो आपण, तसंच ते बघावं. वाहत्या पाण्यात दगड, झाडाची मुळं, जाळी. तिथे फुगणाऱ्या पिशवीचं काम नाही.

पेडल पंक्या

नाना, काडतुसाचं मान्य, शब्द मागे. पण पाउचबद्दल काही बोलला नाहीत.

न्यूमॅटिक नाना

बोलायचं टाळत होतो. स्टँड-अप बोर्डवाले, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणारे, ते वापरतात, हालचाल मोकळी राहते, आणि ज्याला चांगलं पोहता येतं त्याला ठीक. पण ते फुगल्यावर कमरेपाशी येतं, मग ते स्वतः डोक्यातून घालावं लागतं. वल्हं डोक्याला लागून गरगरलं असेल तर घालणार कोण? तीन वर्षांत एकदाही उघडलं नाही म्हणता, तर याच रविवारी उघडा. घडीला चिकटलंय का, बाटलीला गंज आहे का, तेवढं तरी कळेल.

शालिमार ते सोमेश्वर

नानांना एकच जोड. बाटलीवर एकूण वजन कोरलेलं असतं, ते तपासत जा. वायू हळूहळू गळतो, बाहेरून काही कळत नाही. कोरलेल्यापेक्षा कमी भरली की बदला. किचनमधला काटा ग्रॅमभर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून मी थेट सराफ बाजारात नेतो.

मखमलाबादकरीण

सगळ्यांचे आभार, विशेषतः नानांचे. आमची कयाक वर बसायची आहे, तरी दोरीवाल्याचा भाग मिळतो का ते दीर कंपनीला विचारतायत. किटही तेच मागवतायत.

तोवर काल तोंडाने फुगवून ठेवलं. फुगवता फुगवता मीच लाल झाले, आणि तेही सोफ्यावर बसून! सकाळी डावी बाजू नरम. बादलीतल्या पाण्यात दाबून बघितलं तर शिवणीजवळून बुडबुड्यांची बारीक माळ. काटाच असावा, टोचल्याची खूण जेमतेम दिसते. म्हणजे बाथरूममध्ये फुगलं नसतं तर मी हे घालून पुन्हा बॅकवॉटरला गेले असते. पंक्चरचं सोल्युशन लावू का नाना, की अख्खं जॅकेटच बाद?

नवऱ्याला तुमचा निरोप वाचून दाखवला. "पहाटे सातला" ऐकल्यावर म्हणाला, मग पोहायलाच शिकतो.

न्यूमॅटिक नाना

सोल्युशन नको. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दुरुस्त केलं तरच, नाहीतर बाद. बाद झालंच तर बकल आणि पट्टे काढून घ्या, चांगले असतात. आणि तोवर तुम्हीही फोमचंच घाला.

शालिमार ते सोमेश्वर

ताई, किट आलं की नवी बाटलीही आधी तोलून घ्या. फक्त सराफाला अगोदर सांगा काय आहे ते. मी पहिल्यांदा नेली तेव्हा त्याने चिमट्यात धरून उलटसुलट बघितली आणि विचारलं, "मोडीत घालायचंय का?"