सिक्युअर आरपीसी : ‘क्रेडेन्शिअल’ आणि ‘व्हेरिफायर’ला मराठीत काय म्हणाल?

गंगापूररोडकर :
नाशिकला आमच्या लॅबमधल्या युनिक्स मशीनवर सिक्युअर आरपीसी (आरपीसी म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं काम नेटवर्कवरून करून घेणं, सिक्युअर म्हणजे त्यात ओळख तपासणं) लावायचंय, पोरांसाठी मराठीत टिपण लिहितोय. क्रेडेन्शिअलला ‘ओळखपत्र’, व्हेरिफायरला ‘पडताळणीकर्ता’ लिहिलं. दुसरा शब्द वाचून कुणी साहेब शिक्का घेऊन बसलाय असं वाटतं.

सातपूरकर :
साहेब नकोच तिथे. व्हेरिफायर म्हणजे तपासणारा नव्हे, तपासायला दिलेला पुरावा. ओळख सांगणं वेगळं आणि पटवणं वेगळं, हे आपण रोज बोलतो. आरपीसीच्या साध्या ऑथ-युनिक्स पद्धतीत क्लायंट यूआयडी-जीआयडी (युजरचा आणि गटाचा क्रमांक) नुसते सांगतो, व्हेरिफायर रिकामा. स्वतःच्या मशीनवर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असलेल्याने कुणाचाही यूआयडी सांगावा, सर्व्हर मान डोलावणार. सिक्युअर आरपीसीच्या ऑथ-डीईएसमध्ये क्लायंट चालू वेळ दोघांनाच ठाऊक असलेल्या संभाषण-किल्लीने कूटबद्ध करून पाठवतो. सर्व्हरने ती उलगडली, बरोबर निघाली, की ओळख पटली. मग सर्व्हर त्याच वेळेतून एक सेकंद वजा करून, पुन्हा कूटबद्ध करून परत धाडतो. म्हणजे त्याचीही पटते. मी ‘ओळख’ आणि ‘खूण’ लिहीन. खूण पटते, हे कुणाला समजावावं लागत नाही.

गंगापूररोडकर :
‘खूण’ घेतला. आणि ‘विंडो’? खिडकी?

रविवारकारंजा :
खिडकी म्हटलं की नाशिकरोडची तिकिटांची रांग आठवते! ‘मुदत’ लिहा हो. पाठवलेली वेळ मुदतीपेक्षा जुनी झाली की सर्व्हर कॉल नाकारतो. म्हणून आधी एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) सगळ्या मशीनची घड्याळं जुळवा, मग बाकीचं. ‘कीसर्व्ह’ (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) चालू आहे ना बघा, ‘न्यूकी’ने होस्टच्या आणि युजरच्या किल्ल्या बनवा. खाजगी किल्ली पासवर्डनेच कूटबद्ध असते. लॉगिनचा पासवर्ड तोच नसेल तर ती आपोआप उघडत नाही, ‘कीलॉगिन’ हाताने द्यावं लागतं. पोरं इथेच अडकतात.

सातपूरकर :
एक राहिलं. शीर्षकात ‘सुरक्षित आरपीसी’ लिहू नका. ऑथ-डीईएस फक्त ओळख पटवतो, कॉलमधला मजकूर उघडाच जातो. शिवाय त्यातलं 192 बिटांचं डिफी-हेलमन (किल्ली ठरवायची पद्धत) आणि 56 बिटांचं डीईएस (कूटबद्ध करायची पद्धत) आज कुणीही फोडेल. शिकवायला ठीक. खऱ्या कामाला 1997 च्या आरएफसी 2203 (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) मधलं आरपीसीसेक-जीएसएस, कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेसकट. एनएफएसला (नेटवर्कवरून फाइली वापरायची सोय) त्याचं ‘केआरबी5’ नुसती ओळख पटवतं, ‘केआरबी5आय’ मजकुरात फेरफार झाला तर पकडतं, ‘केआरबी5पी’ मजकूरही झाकतं. ‘ओळख’ आणि ‘खूण’ तिथेही चालतील.

गंगापूररोडकर :
मग शीर्षक ‘ओळख पटवणारी आरपीसी’. धन्यवाद मंडळी.