अनुभव धागा: एक दवाई दुसरीला भिडली तेव्हा

माळव्यातली माई
आपल्या इंदूरच्या मराठी घरांत साठी ओलांडलेला माणूस म्हटला की डब्यात सात-आठ गोळ्या असतातच. बीपीची एका डॉक्टरची, शुगरची दुसऱ्याची, गुडघ्यांची तिसऱ्याची, वर कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. परवा भिशीत विषय निघाला आणि सहा जणींपैकी चौघींकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून म्हटलं सगळ्यांचंच ऐकू. काय चालू होतं, नवीन काय आलं, काय झालं आणि ते पकडलं कोणी, एवढं लिहा. डॉक्टर-दवाखान्यांची नावं नकोत. आणि इथलं वाचून आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, तो आणखी वेगळा घोळ होतो.

सुदामानगरकर
बाबांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह आहे त्यामुळे रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रोम कायमची, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, दर महिन्याला, त्यांचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो. गेल्या पावसाळ्यात दाढ सुजली, दाताच्या डॉक्टरांनी शुगर विचारली, बीपी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी विचारली नाही आणि बाबांना वाटलं हृदयाचा नि दाताचा काय संबंध. मेट्रोनिडाझोल ही ॲन्टिबायोटिक दिली पाच दिवसांची. दाढ उतरली पण ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर ते दाढेचंच असेल म्हणून सोडून दिलं, मग दंडावर निळे डाग, आणि मग आईने सांगितलं की शौचाला डांबरासारखं काळं होतंय. तेव्हा धावलो. आयएनआर आठच्या वर. ॲडमिट, गोळी बंद, प्लाझ्मा चढवला, आणि व्हॉल्व्ह असल्यामुळे व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यायचं तर तेही जपून, कारण रक्त एकदम घट्ट झालं तर व्हॉल्व्हच जाम होईल. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ॲसिट्रोम लिव्हरमध्ये मोडली जाते आणि मेट्रोनिडाझोल ते मोडणंच मंद करते, म्हणजे गोळी रोज तेवढीच घेतली तरी अंगात साठत जाते.
आता बाबांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी आहे, लाल शाईने.

गेरवाला
माझं जरा वेगळं आहे, हसू नका. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला काका दरवर्षी राजवाड्यावर जातात, सत्तरी उलटली तरी. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन, बीपीची टेल्मिसार्टन, झोपेची क्लोनाझेपाम अर्धी. कोणीतरी ठंडाई दिली, भांगेची होती हे त्यांनाही माहीत होतं, सणाचा दिवस, कोण नाही म्हणतो. ओट्यावर बसले होते तासभर, मिसाईल म्हणतात त्या मशीनने रंग उडतोय, डीजे वाजतोय, टँकर समोर आला म्हणून उभे राहिले आणि जे कोसळले ते सरळ पायरीवर. कपाळाला टाके. सगळे म्हणाले भांग चढली. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने मात्र झोपवून बीपी घेतलं आणि मग उभं करून घेतलं, वरचा आकडा चाळीसने खाली. टॅम्सुलोसिन आधीच रक्तवाहिन्या सैल करते, बीपीची गोळी त्यात भर, भांगही तेच करते आणि क्लोनाझेपामच्या जोडीला गुंगी वाढवते ती वेगळी. काकांचं म्हणणं, "तीस वर्षं घेतोय भांग, कधी पडलो नाही." खरं आहे, पण तीस वर्षं या तीन गोळ्या नव्हत्या ना भिया.

रामबागची सून
आमच्या सासूबाईंचं प्रकरण एका झटक्याचं नाही, वर्षभर चाललं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरुवात बीपीने. रॅमिप्रिल सुरू झाली. दीड-दोन महिन्यांनी कोरडा खोकला, रात्री जास्त. छातीचा फोटो साफ. कफ सिरप झाली, ॲलर्जीची गोळी झाली, मग शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाचा काढा सांगितला, तोही साधासुधा नाही, सकाळ-संध्याकाळ पेलाभर आणि दिवसभर तोंडात काडी. घशाला बरं वाटायचं म्हणून सासूबाईंनी तो सोडलाच नाही. आणि बीपी, जे आटोक्यात आलं होतं, ते परत चढलं. मग बीपीचीच दुसरी गोळी जोडली, ॲम्लोडिपिन. ॲम्लोडिपिनने घोटे सुजले, जोडवी काढावी लागली. सूज बघून दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, फ्युरोसेमाइड. सूज फारशी गेली नाही पण पायात गोळे यायला लागले, गळून गेल्या, आणि एक दिवस म्हणाल्या छातीत फडफडतंय. ईसीजी बिघडलेला, पोटॅशियम २.६, जे साडेतीनच्या वर हवं.

तिथे एक वयस्कर फिजिशियन भेटले, त्यांनी सगळ्या जुन्या पर्च्या टेबलावर तारखेप्रमाणे लावायला सांगितल्या. मग मला विचारलं, घरात आणखी काय घेतात. मी काढा म्हटलं आणि ते खुर्चीत मागे टेकून हसले. खोकला मुळात रॅमिप्रिलचा, त्या जातीच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना येतो. ज्येष्ठमध भरपूर घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. सूज ॲम्लोडिपिनची, त्या सुजेला लघवीची गोळी विशेष उपयोगी नाही, पण पोटॅशियम मात्र तीही घालवते. म्हणजे पहिल्या गोळीचा त्रास हा नवीन आजार समजून दुसरी, दुसरीच्या त्रासाला तिसरी. पोटॅशियम भरून काढलं, काढा बंद, रॅमिप्रिल बदलून टेल्मिसार्टन, लघवीची गोळी बंद, ॲम्लोडिपिन अर्ध्यावर. काही आठवड्यांत खोकला गेला. सासूबाई अजून शेजारच्या काकूंवर रागावलेल्या आहेत, रॅमिप्रिलवर नाही.

तुळशीबागेचा भाचा
ज्येष्ठमधाला उगाच बदनाम करू नका, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि कोणाला काही झालेलं नाही. ॲलोपॅथीवाल्यांना आयुर्वेद दिसला की झालं.

रामबागची सून
अहो दादा, गाणाऱ्याने काडी चघळली तर काही होत नाही असं तेच डॉक्टर म्हणाले. दिवसाला दोन पेले, महिनोन्‌महिने, बीपीच्या माणसाला, यावर त्यांचा आक्षेप होता. आणि त्यांनी रॅमिप्रिलही बदललीच की.

दवाबाजार
होलसेल-रिटेल दोन्ही करतो, आरएनटी मार्गावरच्या गर्दीत. आमच्याकडून जे दिसतं ते सांगतो. निम्मे घोळ डबल औषधाचे असतात. एका पर्चीवर टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिनची जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं, दुसऱ्यावर नुसती ॲम्लोडिपिन, ब्रँड वेगळे, रंग वेगळे, माणूस दोन्ही घेतो. शुगरचं तेच, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी आणि वर ग्लिमेपिराइड सुटी. सर्दीच्या पाकिटात पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची तर तीच. मोठ्या धडधाकट माणसाला दिवसाची कमाल हद्द ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्यांत जवळपास पोचलात. आपल्या देशात जोडगोळ्यांचं पीकच फार, सरकारने २०१६ साली एका झटक्यात ३४४ जोडण्यांवर बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं असतं, आतल्या औषधाचं बारीक. ते बारीक वाचा, चष्मा लावून.

अजून एक, जे पुरुष मंडळी इथे लिहिणार नाहीत. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि ती "ताकदीची" गोळी, सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, या दोन्ही एकत्र म्हणजे बीपी इतकं पडतं की माणूस जातो. सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टॅडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, नको. दुखायला लागलं तर ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला लाज न धरता सांगायचं. बायको बरोबर असते म्हणून सांगत नाहीत, ही खरी अडचण आहे.

एकटा जीव, सुपर कॉरिडॉर
दवाबाजारवाल्यांनी लाजेचं काढलं म्हणून लिहितो. मी डिप्रेशनवर देतात ती एस्सिटॅलोप्राम घेतो, घरी माहीत नाही. बाईक घसरली, खांदा गेला, आई बरोबर आली. ऑर्थोच्या केबिनमध्ये एका वेळी तीन पेशंट आत, चौथा दारात, आणि तिथे विचारतात दुसरी काही दवाई चालू आहे का. कोण बोलणार? दुखण्यावर ट्रॅमाडॉल मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाम, थरथर, ताप, पोट बिघडलं, आणि पाय आपोआप झटके देत होते. सगळे म्हणे व्हायरल आहे, डेंग्यूची टेस्ट करा. कॅज्युअल्टीत एका मॅडमने आईला फाईल बनवायला बाहेर पाठवलं आणि मग हळूच विचारलं. पाऊल वर ढकललं तर ते थरथरतच राहिलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. सेरोटोनिन सिंड्रोम. दोन्ही गोळ्या सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवतात आणि एकत्र आल्या की ते अति होतं. दोन्ही थांबवल्या, ड्रिप, शांत करायचं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी बराच सावरलो. एस्सिटॅलोप्राम नंतर डॉक्टरांनीच पुन्हा सुरू केली. त्या मॅडमने आईला बाहेर पाठवलं नसतं तर मी डेंग्यूच्या रिपोर्टची वाट बघत बसलो असतो.

जुनी इंदूरकरीण
संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, गुरुवारी, फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. चांगलं चाललं होतं. लघवीला जळजळ झाली म्हणून जवळच्या क्लिनिकमधून सल्फावाली ॲन्टिबायोटिक मिळाली, को-ट्रायमॉक्साझोल. आठवड्याभरात तोंड इतकं आलं की ताकसुद्धा गिळवेना. पांढऱ्या पेशी घसरलेल्या, प्लेटलेट घसरलेल्या. दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेटवरच, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जीवनसत्त्वावरच, घाव घालतात आणि शिवाय दुसरं पहिल्याला किडनीतून बाहेर पडू देत नाही. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं घेतली. तोंड बरं व्हायला वेळ लागला, तोवर मऊ भात नि दूध.

नेहरू पार्क वॉकर
वडील, ग्लिमेपिराइडवर, सकाळी फिरून कारल्याचा रस. छातीत कफ झाला, लेव्होफ्लॉक्सासिन आली, भूक मेलेली, जेवण अर्धं. पहाटे उठून आईलाच शिव्या द्यायला लागले, तिला ओळखेनात. मी म्हटलं लकवा. बहिणीने डोकं चालवून ग्लुकोमीटर लावला, ३८. साखरेचं पाणी पाजलं, शुद्धीवर आले, पण दवाखान्यात तरी ठेवूनच घेतलं कारण ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, साखर परत पडते, आणि पडली सुद्धा. ही ॲन्टिबायोटिक शुगरच्या गोळ्यांबरोबर साखर खाली ढकलते हे तेव्हा कळलं. रस किती जबाबदार हे कोणी ठाम सांगितलं नाही, न जेवणं मात्र नक्की.

गप्पिष्ट डॉक्टर
एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस, त्यामुळे शिव्या खाणाऱ्या बाजूचा आहे. दहा औषधं असतील तर आपसातल्या जोड्या ४५ होतात, त्या तोंडपाठ कोणाच्याच नसतात. काही गोष्टी तर योगायोगाने कळल्या. कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या गोळीचा दारूशी संबंध तपासत होते, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला, आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा फारच वर गेली. दोष रसाचा निघाला, आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम तो बंद पाडतो. आपल्याकडचा चकोतरा म्हणजे पपनस त्याच कुळातला, काही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, घेणाऱ्यांनी जपून. तेच एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन ही ॲन्टिबायोटिकही बंद पाडते, माझा एक पेशंट ॲटोरव्हास्टॅटिनवर असताना बाहेरून ती घेऊन आला, मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना चढेना आणि लघवी कोकमासारखी. स्नायू विरघळत होते. किडनी थोडक्यात वाचली.
बाकी, ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात, हे कारण आहे, सबब नाही. पर्ची घेऊन येऊ नका, थैली घेऊन या. पर्चीवर जे लिहिलंय आणि पोटात जे जातंय यात मला जवळजवळ रोज फरक सापडतो.

वैशालीनगर
छोटंसं. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी एकदम घ्यायचे, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, उतरेचना, डोस वाढवत गेले. चार तासांचं अंतर ठेवलं, उतरला. लोहाच्या गोळीचंही तसंच.

माळव्यातली माई
दोघींनी विचारलं की असं झालं तर कळवायचं कुठे. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया म्हणून सरकारी योजना आहे, २०१० पासूनची, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालते. पेशंट स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. फोन १८००-१८०-३०२४, फुकट. औषधाचा बॅच नंबर विचारतात, तेव्हा रिकामी पट्टी फेकू नका.

पलासिया
आमचं अजून चालूच आहे. मामा, फिटसाठी व्हॅलप्रोएट, कित्येक वर्षांत फिट नाही. लघवीचं जबर इन्फेक्शन, आयसीयू, मेरोपेनेम ही ॲन्टिबायोटिक सुरू. इन्फेक्शन उतरायला लागलं आणि फिट आली, मग परत. आधी वाटलं तापाने. लेव्हल तपासली तर व्हॅलप्रोएट जवळजवळ नाहीच रक्तात, रोज दिली जात असून. मेरोपेनेमच्या जातीची औषधं ती एक-दोन दिवसांत खाली पाडतात आणि डोस वाढवूनही उपयोग होत नाही. न्यूरोवाल्यांच्या लक्षात आलं, त्यांनी ॲन्टिबायोटिक बदलायला लावली. लेव्हल परत वर यायला आठ-पंधरा दिवस लागतील म्हणाले, तोवर फिटचीच दुसरी दवाई, लेव्हेटिरासिटॅम, जोडलीय. काल मामांनी पोहे मागितले, आयसीयूत मिळत नाहीत म्हणून चिडले.